धुऱ्याची ओळ

ढाणकीच्या बाजूला कापूस वेचायला जाणाऱ्या बायकांत पंचफुलाबाईंची एक खोड होती. शेतात पोचलं की त्या धुऱ्याची, म्हणजे शेताच्या अगदी काठची ओळ धरायच्या. ती कुणालाच नको असते. वर बाभळीची सावली, खाली गुरांनी ओरबाडलेली झाडं, बोंडं कमी. मजुरी तर किलोवर. मग चाळिशीतली हुशार बाई आपणहून तिथे का शिरते, याचं मला फार कुतूहल होतं.

टोळीनं आपलं उत्तर आधीच शोधलं होतं. त्या वर्षी लाल्या रोगानं कपाशीची पानं तांबडी होऊन गळाली होती. वजन भरत नव्हतं आणि शेतमालक प्रत्येकीच्या ओटीकडे, कमरेला बांधलेल्या कापसाच्या झोळीकडे, चोरीच्या संशयानं पाहायचा. पंचफुलाबाई मात्र मध्येच धुरा ओलांडून नाल्यात उतरायच्या, बऱ्याच वेळानं वर यायच्या. त्यातच त्यांचा चेहरा गोल होत चालला होता.

"नाल्यात दुकान टाकलं का वं, पंचफुले?" सुखीबाईनं एकदा विचारलं. "आमी वाळून राह्यलो अन् तू गालानं फुगून राह्यली."

बायका हसल्या. पंचफुलाबाईही हसल्या आणि नाल्यात उतरल्या.

खरी गोष्ट फक्त त्यांच्या नवऱ्याला, देवरावांना ठाऊक होती. शौचातून रक्त जाऊ लागलं तेव्हा घरानं मूळव्याध ठरवून टाकली. पुढे यवतमाळच्या दवाखान्यात दुर्बीण घालून पाहिलं, तर मोठ्या आतड्याला आतून सूज आणि जखमा. हे दुखणं जाणार नाही, सांभाळावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्यांनी बरं वाटलं तशा त्यांनी गोळ्या सोडल्या, आणि दुखणं जोरात उलटलं. मग मिळालेल्या कडक गोळ्यांनी गाल फुगले. कळ आली की थांबणं हाती नसायचं. कपाशी दाट असती तर ओळीतच आडोसा मिळाला असता. त्या वर्षी उरला होता तो फक्त धुऱ्यापलीकडचा नाला.

एका दुपारी शेतमालकानं टोळी जमवणाऱ्या विमलताईंना बजावलं, ही बाई उद्यापासून नको.

"कापूस नेते का तू?" विमलताईंनी सगळ्यांसमोर विचारलं. "नसन तं सांग. नाई तं उद्या तुले हाक मारत नाही."

पंचफुलाबाईंनी ओटी सोडून कापूस गोणपाटावर ओतला. "चाला नाल्यात, दाखवतो. नाक तेवढं धरून या."

कुणी हललं नाही. मग त्यांनी रक्तासकट सगळं सांगितलं. "खाऊन निघालो तं वाटेतच कळ येते, म्हणून उपाशी येतो. अन् हे गाल गोळ्यायचे हायेत, लाडवाचे नाही."

टोळीतल्या रामीबाईला हसू फुटलं, ते तिनं पदरात दाबलं.

"उपाशी नको येत जाऊ," विमलताई म्हणाल्या. "मालकाले सांगतो, बाईमाणसाचं दुखणं हाय. पुढं तो इचारतच नाही."

परतताना सुखीबाई मागे रेंगाळली. पंचफुलाबाई जवळ आल्या तसं तिनं विचारलं,

"ते दुर्बीण घालतात तं लय दुखते का वं?"

"कोणाले पायजे?"

सुखीबाईनं पुढे गेलेल्या बायकांकडे पाहिलं. "मलेबी मूळव्याधच हाय म्हणतात."

"पुढच्या हप्त्यात गोळ्या आणाले जातो मी. चाल संगं."

"घरी काय सांगू?"

"म्हणजो, पंचफुलीच्या सोबतीले चालली. माह्या दुखण्याचा तं आता गावात बोभाटा झाला. त्याच्याआड तुहं झाकून जाईन."