हेलिकॉप्टरच्या खुणा
मिक्सरची मोटर तापल्याचा वास आला की मला दवनीवाड्याचं ते धान कापलेलं शेत आठवतं. नोकरी लागल्यावर हौसेनं रिमोटचं हेलिकॉप्टर घेतलं होतं. ते मेलं हातभर वर जायचं आणि आपटायचं. मोटर असाच जळका वास मारायची. शेतमालक काका धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर उभं राहून डोळे बारीक करून बघत. हेलिकॉप्टर जिथं आपटे, तिथली मातीतली खूण ते येऊन पायानं पुसून टाकत. "खरं सांग बाबू, जमीन मोजाले कोनं पाठवलं तुले?" "काका, खेळणं आहे. उडवायला शिकून राहिलो." "एवढा मोठा माणूस खेळणं खेळते?" दुसऱ्या दिवशी शेताच्या वाटेवर काटे टाकलेले होते. इतक्या वर्षांनी परवा गावात जमीन मोजणीचा सरकारी ड्रोन आला, मीही बघायला गेलो. काठी टेकत आलेल्या काकांनी आधी ड्रोनकडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडे.