खजरान्याच्या वाटेवरची खरखर

नीट चालणाऱ्या वस्तूविषयी कुणी गोष्ट सांगत नाही, हे लोककथांच्या अभ्यासात मला बरेच उशिरा कळले. पूर्ण बिघडलेली वस्तू भंगारात जाते आणि तिच्याबरोबर तिची गोष्टही. जी थोडी चालते आणि थोडी चालत नाही, तिच्याभोवती मात्र किस्से साचत राहतात. सुदामा नगरातल्या आमच्या सकाळच्या पोहे-मंडळात अशी एक वस्तू आहे: वसंतरावांच्या जुन्या गाडीतला रेडिओ.

वसंतराव वीज खात्यातून निवृत्त झालेले. पूर्वज संस्थानच्या पागेत होते, त्यामुळे वाहन विकणे हा त्यांच्या घरात अजूनही कमीपणा समजला जातो. दर बुधवारी, म्हणजे इकडच्या गणपतीच्या वारी, ते आणि कुमुदकाकू या गाडीतून खजरान्याच्या गणपतीला जातात. वाटेत रेडिओ बोलतो आणि हे दोघे ऐकतात. संसार सुखाचा होण्यामागे ही व्यवस्था होती, हे रेडिओ खरखरू लागेपर्यंत कुणाच्या लक्षात आले नव्हते.

पहिल्या खरखरत्या बुधवारी दोघांना आपसात बोलावे लागले. पलासियाचा चौक येईपर्यंत विषय शालीवर पोहोचला होता. लग्नात काकूंच्या वडिलांनी जावयाला शाल दिली होती. जावयाने ती मांडवातल्या मांडवातच सनईवाल्याच्या खांद्यावर टाकली. सासरे दुखावले, काकू दुखावल्या. का टाकली, हे वसंतरावांनी तोवर कधीच सांगितले नव्हते.

घरी परतल्यावर काकूंनी निर्वाणीचे सांगितले, “गणेश चतुर्थीपर्यंत रेडिओ ठीक करा, नाही तर गाडी विका. मी ई-रिक्षाने जाईन. तिथे गाणी तरी लागतात!”

* * *

वसंतरावांनी शोध सुरू केला. त्यांना आढळले की, गाडीच्या पुढच्या पत्र्यावरची एरियल हाताने धरली की रेडिओ स्वच्छ ऐकू येतो. सोडली की खरखर.

त्यांनी काकूंना बाहेर बोलावून एरियल धरायला लावली आणि स्वतः आत बसून अख्खे गाणे ऐकले. मग काच खाली करून समाधानाने म्हणाले, “प्रॉब्लेम सॉल्व्ह! तुझ्या हातात जादू आहे.”

काकूंनी एरियल न सोडता विचारले, “आणि बुधवारी? तुम्ही गाडीत, मी बोनेटवर?”

* * *

दुसरा शोध भौगोलिक स्वरूपाचा होता. खजरान्याच्या वाटेवर एका मॅरेज गार्डनसमोर रेडिओ आपोआप सुधारतो. वसंतरावांनी तिथेच थांबायचे ठरवले. भर दुपारी, झाडाखाली, दोघे गाडीत बसून गाणी ऐकत होते.

आतून एक गृहस्थ हात जोडत धावत आले. “भिया, आप लोग बाहर कायको बैठे हो? खाना ठंडा हो रिया है.” वसंतराव समजावू लागले की, आम्ही फक्त रेडिओ ऐकतो आहोत. हे उत्तर त्या गृहस्थांना रुसलेल्या पाहुण्यांचे वाटले. त्यांनी अधिकच माफी मागितली आणि दोघांना हाताला धरून आत नेले.

दाल-बाफले झाले, वर लाडू झाले. वधूपक्ष त्यांना वरपक्षाचे समजला आणि वरपक्ष वधूपक्षाचे. दोन्ही बाजूंनी आग्रह!

परतताना काकूंनी पदराला लागलेला लाडवाचा चुरा झटकला. मग म्हणाल्या, “पुढच्या बुधवारी मी जरा चांगली साडी नेसून येते.”

* * *

चतुर्थी जवळ आली तेव्हा प्रकरण मंदारकडे गेले. मंदार मूळचा सांगलीचा. इथल्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे आणि पोहे-मंडळात नवा आहे. “काका, अंदाज नको. एकेक कारण बाजूला काढू,” तो म्हणाला, आणि आम्ही सारे गाडीभोवती जमलो.

त्याने इंजिन बंद केले. खरखर तशीच. म्हणजे दोष इंजिनाचा नाही. मोबाइलचा चार्जर काढला. बारीक शिटी गेली, खरखर राहिली. मग रेडिओच्या मागची वायर काढून त्या जागी दुसरी, सुटी एरियल लावली. रेडिओ खणखणीत गाऊ लागला! म्हणजे रेडिओ निर्दोष, बिघाड जुन्या एरियलच्या बुंध्याशी.

पण बुंधा कुठे दिसेना. खजरान्याला हातात बांधतात तो लाल-पिवळा धागा, आमच्याकडे त्याला लच्छा म्हणतात, वसंतराव दर बुधवारी एक मनगटाला आणि एक एरियलला बांधत आले होते. खरखर सुरू झाल्यावर त्यांनी उपाय म्हणून दोन-दोन बांधायला सुरुवात केली. पावसाने तो सगळा गुंडाळा ओला राहिला, खाली पत्रा गंजला आणि एरियलची पत्र्याशी असलेली पकड गेली. आजार वाढेल तसा उपाय वाढत होता आणि उपाय वाढेल तसा आजार.

“कापावं लागेल,” मंदार म्हणाला.

“देवाचा धागा कैंचीने? पागल झालास का?” वसंतराव एरियलच्या पुढे उभे राहिले.

निवाड्यासाठी सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी सांगितले की, परंपरा कितीही कडक असली तरी ती एक मागचे दार उघडे ठेवतेच. जुना लच्छा कापायचा नाही, सोडायचा आणि पिंपळाच्या बुंध्याशी ठेवायचा. वसंतरावांना हे पटले. गाठी सोडवण्यात सकाळ गेली. मग मंदारने गंज घासला, नट आवळला, एरियल पूर्ण वर ओढली. रेडिओ असा वाजला की, समोरच्या गॅलरीतून कुणीतरी आवाज कमी करायला सांगितले.

गाडी वाचली. त्या दिवशी मंडळाला पोह्यांबरोबर जिलेबी वसंतरावांकडून!

* * *

चतुर्थीच्या आधीच्या बुधवारी दोघांनी मलाही खजरान्याला बरोबर नेले. मी मागे बसलो. रेडिओ अप्रतिम चालला होता. एक गाणे संपे, दुसरे सुरू होई. वसंतराव स्टिअरिंगवर बोटांनी ठेका धरत होते. काकू खिडकीबाहेर पाहत होत्या.

पलासियाचा चौक ओलांडल्यावर काकू म्हणाल्या, “अहो, जरा साइडला घ्या.”

गाडी थांबली. काकू उतरल्या, पुढे गेल्या आणि एरियल हळूहळू खाली दाबत पूर्ण आत बसवली. मग पर्समधून कोरा लच्छा काढला, टोकावरून घेऊन बुंध्याभोवती आडवा-उभा गुंडाळला आणि घट्ट गाठ मारली. आत खरखर सुरू झाली.

त्या परत येऊन बसल्या. पदराने कपाळ टिपले.

वसंतरावांचा चेहरा उतरला होता. त्यांनी हलक्या आवाजात विचारले, “म्हणजे गाडी विकायची?”

“गाडी कशाला विकायची?” काकूंनी रेडिओचे बटण बंद केले. “चला आता, सावकाश चालवा. आणि मागच्या बुधवारी तुम्ही त्या सनईवाल्याचं काय सांगायला लागला होतात?”