थकूआजीच्या गव्हाची पाळी

दुपारची एसटी फाट्यावर यायला अर्धा तास उरला होता आणि थकूआजीचं वावर अजून कोरडंच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला नाशिकच्या कारखान्यात हजर व्हायचं होतं. पाणी मोकाट सोडलं तर बांध फुटायचे, म्हणून मी ते नदीकडे वळवलं, फावडं तिथंच टाकलं आणि घरी येऊन तापानं फणफणलेल्या बाबांना सांगितलं, "सगळं भरलं." पिशवी उचलली नि निघालो. नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं.

आमचं गाव कळवणकडचं, गिरणेच्या काठचं. नदीला बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालची जमीन फडांत वाटलेली. ज्या फडात गहू, तिथं सगळ्यांचाच गहू. कुणी शहाणपणा करून मध्येच हरभरा पेरायचा नाही. माघात बांधावर उभं राहिलं की थेट नदीपर्यंत ओंब्याच ओंब्या. पाणी वाटायचं काम पाटकऱ्याचं, म्हणजे बाबांचं. त्या दिवशी त्यांच्या जागी मी होतो. "पानीले हात पाटकरीनाच," असं ते म्हणत; दुसऱ्या कुणी पाणी वळवलेलं खपवून घेत नसत, मग समोर पाटील असो की आणखी कुणी. शेवटचं वावर थकूआजीचं. विधवा बाई, वर्षाचं खाणं त्या एका तुकड्यावर. ऐन दाणा भरायच्या दिवसांत तिची पाळी बुडवून मी पळालो होतो. पुढची पाळी पंधरा दिवसांनी!

नाशिकला माझं बरं चाललं, खोटं कशाला बोलू? शिफ्ट, ओव्हरटाइम, सातपूरला एक खोली, मग फ्लॅट. सोसायटीत वॉचमन व्हॉल्व्ह फिरवतो, चौथ्या मजल्यावर करंगळीएवढी धार येते आणि बायका गॅलरीतून त्याचा उद्धार करतात. मला तेव्हा हटकून आजी आठवायची. पत्रात विचारायची छाती नव्हती. गावी गेलो की तिची गल्ली टाळायचो. बायकोला वाटे, जुनं भांडण असेल.

अशी दहा-बारा वर्षं गेली. गावात विहिरी झाल्या, फडात डाळिंब आलं, ठिबकच्या नळ्या आल्या. पाटात गवत माजलं आणि बाबांचं काम आपोआप संपलं. एकदा मार्चमध्ये गावी गेलो तर आजी आमच्याच ओट्यावर बसलेली. आता पळणार कुठं? शेजारी बसलो आणि सगळं ओकून टाकलं.

तिनं आधी आत डोकावून बाबा झोपलेत ना, ते पाहिलं.

"बांधवरथीन दखं मी तुले," ती हळूच म्हणाली. "हाक मारती ते तुनी यष्टी चुकी जाती. मंग मीच फावडं लिसन पानी फिरायं."

"आणि गहू?"

"झकास व्हयना! पन तुना बापले सांगू नको, भाऊ. माले आजून त्यासना धाक शे."

म्हणजे इतकी वर्षं मी तिला चुकवत होतो आणि ही बाई पाण्याला हात लावला म्हणून बाबांना घाबरून होती! मी हसत सुटलो, हसता हसता डोळे भरून आले. छातीवरचा धोंडा उतरला. बाहेर पडलेल्या माझ्यासारख्यांना लोक विचारतात, घर कोणतं, नाशिकचं की गावचं? तोवर मी उत्तर टाळायचो. त्या दुपारपासून बिनदिक्कत सांगतो, गावचं.

आमच्या हसण्यानं बाबा जागे झाले. आतून करड्या आवाजात विचारलं, "काय चालू शे रे?"

"काही नाही," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.