बाबूंचं लॉन आणि माझी बंडी

सन २०२२. माझं वय एकाहत्तर. त्या साली साऱ्या नागपुरात गोचिडींशी समोरासमोर लढणारा एकच मर्द होता, आणि तो नंदनवन वस्तीत माझ्या भिंतीला भिंत लावून राहत होता. पोस्टातून निवृत्त झालेले बाबू. अंगणात दोन खाटा मावतील एवढं लॉन, पण त्याचा थाट असा की स्वतः बाबूसुद्धा कडेच्या फरशीवरून चालायचे. गवतावर लोळायची परवानगी एकाच जिवाला होती, एका काळ्या गावठी कुत्रीला. तिला ते 'बाई' म्हणत, आणि तिच्या पोळीला तूप लावता लावता सांगत, "माझी नाही गा ती. येऊन बसते."

बाईच्या अंगावरून गोचिडी गवतात उतरल्या. बाबूंनी भर मे महिन्यात पायजमा मोज्यांत खोचला, पांढरं धोतर बांबूला बांधलं आणि रोज सकाळी सहाला ते लॉनवरून ओढत फिरू लागले. धोतराला चिकटेल ती गोचीड चिमट्यानं उचलायची आणि साबणाचं पाणी भरलेल्या लोणच्याच्या बरणीत टाकायची. समोरची नवी भाडेकरीण हे काही व्रत समजून हात जोडून जायची. पाहुणा आला की चहाआधी बरणी यायची. "पाहा, आजच्या अकरा!" पाहुणा चहा न घेताच उठायचा.

मी तिसरी शिकलेला. पण बैलाच्या अंगची गोचीड काढण्यात माझा हात धरणारा गावात कोणी नव्हता. मी सांगितलं, गवत बारीक कापा, ऊन खाली जाऊ द्या, कुत्रीला ढोराच्या डॉक्टरचं औषध द्या. त्यांनी सारं केलं. गोचिडी घटल्या, पण संपेनात. शेवटी बाबूंचा मुलगा कावला. त्याची पोरगी आता रांगायला लागली होती. म्हणाला, "सोमवारी गवत उपटून सिमेंटचे गट्टू बसवतो. अन् बाई बाहेर!" त्या दिवसापासून बाबूंनी बरणी दाखवणं बंद केलं.

रविवारी मी गेलो. "माझ्या उपायानं जाऊन नाही राहिल्या, म्हणजे तुमचंच कुठं तरी चुकून राहिलं," मी ठणकावलं.

बाबूंच्या बायकोला, वहिनींना, राहवलं नाही. "भाऊजी, भिंतीपाशी तुमची मोडकी बैलबंडी पडली आहे ना, बाई दुपारी तिच्याखालीच झोपते. गोचिडी तिथून भिंतीच्या फटीत, अन् फटीतून इकडं!"

"चूप बैस वं!" बाबू ओरडले. ते वहिनींवर ओरडल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं.

मी बाबूंकडे वळलो. "तुमाले ठाऊक होतं? मंग काहून नाही सांगितलं गा?"

बाबू धोतराची घडी घालत राहिले. "शेत इकलं तवा तेवढीच घेऊन आले तुम्ही. आंघोळीच्या आंधी रोज बंडीच्या जुवाले हात लावता. मले दिसते ना भिंतीवरून. कसं सांगू?"

चूक कबूल करायची मला सवय नाही, आणि त्या दिवशीही केली नाही. चहा तसाच ठेवून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी फटफटताच बंडीच्या पोखरलेल्या फळ्या ओढून काढल्या आणि जाळल्या. भिंतीच्या फटी सिमेंटनं बुजवल्या. गट्टूवाला आला, त्याला रस्त्यातच अडवून म्हटलं, "महिन्यानं ये." बाबूंचा मुलगा फाटकाशी उभा होता. माझ्या हाताची काजळी पाहून त्यानंही गट्टूवाल्याला परत जायची खूण केली. मग उकळत्या पाण्यानं धुतलेलं बंडीचं जू खांद्यावर घेऊन मी बाबूंच्या दारात गेलो.

"हे तुमच्या ओसरीत टांगा," मी म्हटलं. "हात लावायले मी रोज येत जाईन. आंघोळीच्या आंधी."