पहिला हात

मुरबाडच्या स्टँडवर कल्याणची एसटी लागली, तेव्हा आईनं खिडकीतून माझ्या मांडीवर शेवयांचा डबा ठेवला आणि सोबत उपदेशही दिला. "तिकडं केल्यास तर एखादी सवाशीन बग गो. पयला हात तिचा लाव, मंग तू कर." शेजारी माझी सहा वर्षांची शोभा बसली होती. विलायतेतल्या इस्पितळात नोकरी पक्की झालेली, बोटीची तिकिटं पर्समध्ये, आणि आईला काळजी कशाची, तर विधवेच्या हातानं शेवया शिजतील याची. गाडी सुटली तशी आई रडली. मी रडले नाही. रागानं मी तो डबा पिशवीत कोंबला.

दादा, वहिनी, तुम्हीही तिथंच उभे होतात. तुमच्या लक्षात नसेल, म्हणून लिहिते.

लग्नघरात शेवयांचा पाट मांडला की पहिली तार पाच सवाष्णींनी ओढायची, मग बाकीच्यांनी बसायचं, ही आपल्याकडची रीत. माझा हात गावात सगळ्यांत बारीक. वहिनी, तू नवी नवरी आलीस तेव्हा तार ओढायला माझ्याकडूनच शिकलीस. शोभाचे वडील तापानं गेले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आपल्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. सवयीनं मी पाटाशी बसले आणि कणकेचा गोळा हातात घेतला. आईनं तो माझ्या हातातून काढून शेळीपुढं टाकला. "आज नको गो. लोकं बसलीत." मांडीवरच्या शोभानंही चिमूटभर कणीक घेतली होती. वहिनी, ती तू तिच्या बोटांवरून पदरानं पुसून काढलीस. चार बायका खाली मान घालून शेवया ओढत राहिल्या. दुसऱ्या दिवशी नवरीला ताप चढला, तेव्हा इंजेक्शन द्यायला मात्र माझाच हात चालला. दवाखान्यातली नर्स घरचीच आहे म्हणून तुम्ही पाहुण्यांपुढं मिरवलंतही.

इथं आम्ही दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. मी ड्यूटीवर असताना शोभाला घरमालकीण बघायची. एका बुधवारी वॉर्डातून परत आले तर दुकानं बंद. इथं बुधवारी दुपारनंतर दुकानं उघडी नसतात, हे नवेपणात मी विसरले होते. घरात कांदा, थोडे मटार आणि तो डबा. मी गॅसवर पाणी ठेवलं आणि शोभाला डबा आणायला सांगितलं. तिनं आणला, पण पोटाशी धरून उभी राहिली.

"आई, सवाशीन कुठाय?"

आजीचं वाक्य पोरीनं सात समुद्र ओलांडून जपून आणलं होतं. माझ्या अंगाची लाही झाली. पोरीवर नाही रागावले. तुम्हा सगळ्यांवर रागावले. इतक्या लांब येऊनही तुम्ही माझ्या चुलीपाशी येऊन बसला होतात, आणि बसायला माझीच लेक सापडली तुम्हाला.

खाली घरमालकीण रेडिओ ऐकत होती. तिचा नवरा लढाईत गेला. शेजारच्या मुलीच्या लग्नाचा केक तिनंच भाजला होता आणि कोणी तिचं कपाळ निरखून पाहिलं नव्हतं. इथले लोक देवमाणसं आहेत असं मी म्हणत नाही. माझा रंग बघून इंजेक्शनसाठी पुढं केलेला दंड मागं घेणारे पेशंट मला वॉर्डात भेटतात. पण ते परके. त्यांचा राग मी हात धुताना धुऊन टाकते. तुमचा धुतला जात नाही.

"तू टाक," मी शोभाला म्हटलं. तिनं माझ्याकडं पाहिलं, मूठभर शेवया घेतल्या आणि डोळे मिटून पाण्यात सोडल्या. आभाळ काही कोसळलं नाही. मटार घालून, वरून कांद्याची फोडणी देऊन आम्ही त्या भांड्यातूनच खाल्ल्या.

डबा संपला तशी मी दुकानातून निळ्या कागदातली लांब स्पॅगेटी आणायला लागले. ड्यूटी करून पाय भरून आलेले असतात, भाकरी थापायचं त्राण नसतं. शोभा स्टुलावर चढून काड्या मोडते. "आई, वॉटर बॉइल झालं," असलं तिचं मराठी. हळद नि तिखट पडलं की आमच्या लेखी त्या शेवयाच.

आणि आता, दादा, तुझं पत्र. तुझ्या थोरलीचं लग्न ठरलं, फार बरं वाटलं. शोभा करवली हवी, आणि मी मात्र "पाट मांडायचा दिवस तेवढा टाळून" यावं. हे लिहिताना तुझा हात जरा तरी अडला का रे? मी शोभाला वाचून दाखवलं. तिनं एवढंच विचारलं, "मग तू कुठं बसणार?"

तर ऐक. आम्ही येऊ, ते पाटाच्याच दिवशी. मायलेकी शेजारी शेजारी बसू. माझ्या हातातला गोळा काढायचा असेल तर खुशाल काढा, पण शोभाच्या देखत काढा आणि तिला कारण सांगा. नऊ वर्षांची आहे, कारण विचारल्याशिवाय सोडत नाही. हे चालणार नसेल तर करवली दुसरी बघा. घर म्हणजे काय, ते मला आता मुरबाडवरून कोणी सांगू नये.

हे लिहितेय तोवर आत पाणी उकळलंय. मीठ किती, म्हणून शोभा विचारतेय. शेवया टाकू का, असं ती आता विचारत नाही.