शेजारच्या नटाची प्रॉम्प्टर

आमच्या कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या मराठी मंडळात मी एकोणीस वर्षं प्रॉम्प्टर आहे. म्हणजे विंगेत स्टुलावर बसायचं, हातात संहिता धरायची आणि अडलेल्याला पुढचा शब्द पुरवायचा. आमचे नट दिवसभर कोड लिहितात, हायवेवर गाडीत पाठांतर करतात आणि प्रयोगाच्या दिवशी निम्मं विसरतात. मी नसते तर आमची तीन अंकी नाटकं दीड अंकातच आटोपली असती. त्यामुळे आमच्याकडे नियम एकच: नट गप्प झाला की शब्द द्यायचा. दोन सेकंद शांतता झाली तर प्रॉम्प्टरला डुलकी लागली असं समजतात.

हे सगळं मी शेजारणीला कधीतरी फुशारकीने सांगितलं होतं. ती इंग्लंडची, इथल्या हॉस्पिटलात नर्स. तिचे वडील ऐंशीच्या पुढचे, बायको गेल्यावर लेकीकडे राहायला आलेले. हे गृहस्थ नट होते. नायक कधीच नव्हते. दर आठवड्याला नवं नाटक बसवणाऱ्या गावोगावच्या कंपन्यांत त्यांनी सुरुवात केली, मग टीव्ही, मग सिनेमा. पन्नास वर्षांत ते बटलर झाले, डॉक्टर झाले, पाद्री झाले, इन्स्पेक्टर झाले, आणि एकदा तर पहिल्याच प्रसंगात मरून पडले. मी त्यांना मनातल्या मनात आजोबा म्हणायचे. तुमचा चेहरा ओळखीचा वाटतो पण कुठला ते आठवत नाही, असं मी त्यांना एकदा तोंडावर सांगितलं, तर स्वारी खूश झाली. आपलं काम नेमकं तेच होतं, म्हणाले.

एका सोमवारी शेजारीण दारात उभी राहिली. जुन्या एजंटने आजोबांसाठी एक भूमिका शोधली होती. सिनेमातला आजारी म्हातारा, नातीबरोबरचा एक मोठा प्रसंग. घरीच व्हिडिओ करून शुक्रवारपर्यंत पाठवायचा होता. पण गेल्या वर्षी इथल्याच एका छोट्या थिएटरात ते भर प्रयोगात वाक्य विसरले होते, आणि तेव्हापासून त्यांनी कामाचं नाव काढलं नव्हतं. लेकीने फारच आग्रह धरला म्हणून ते तयार झाले होते, आणि हे जमलं नाही तर पुन्हा आपल्याला विचारायचं नाही, असं त्यांनी तिला बजावलं होतं. नातीची वाक्यं कॅमेऱ्यामागून वाचायला कोणीतरी हवं होतं. तिला ड्यूटी होती, मी घरून काम करते. मी हो म्हटलं.

मंगळवारी दुपारच्या मीटिंगा उरकून मी गेले. आजोबांनी पहिली तीन वाक्यं सुरेख म्हटली आणि खिडकीकडे बघत ते गप्प झाले. मी तत्परतेने पुढचा शब्द दिला. ते पुन्हा सुरू झाले, पुन्हा गप्प, मी पुन्हा शब्द दिला. चौथ्या वेळी त्यांनी कागद मांडीवर ठेवले.

"मी विसरलेलो नाही," ते म्हणाले. "तो माणूस विचार करतोय. त्याला करू द्या."

मला राग आला. एकोणीस वर्षांत मला कोणी गप्प बसा म्हटलं नव्हतं, उलट 'काकू, जरा मोठ्याने' अशाच विनवण्या. घरी येऊन नवऱ्याला ऐकवलं. तो मंडळाचा कायमचा नायक. त्याने लगेच संधी साधली आणि त्याच्याही अशाच विचारपूर्वक घेतलेल्या थांबण्याच्या जागा मी तोडते, अशी तक्रार केली. त्याच्या जागा कसल्या असतात ते मला चांगलं ठाऊक आहे.

बुधवारी मी तोंड शिवून बसले आणि नुसतं बघत राहिले. विचार करताना त्यांची नजर कुठेतरी टेकलेली असायची आणि श्वास चालू असायचा. खरोखर विसरले की श्वास अडकायचा आणि डावा हात गुडघ्यावर घट्ट व्हायचा. गुरुवारपर्यंत मला फरक कळायला लागला. त्याबरोबर हेही कळलं की हात घट्ट होण्याचे प्रसंग लेकीला वाटत होते त्याहून बरेच जास्त आहेत. मला फार वाईट वाटलं.

शुक्रवारी पहिला व्हिडिओ बिनचूक झाला, पण त्यात जीव नव्हता. जिना उतरताना कठडा धरावा तसे ते एकेक शब्द धरून चालले होते. दुसरा मात्र असा रंगला की मी वाचायचं विसरत होते. म्हातारा नातीला तिची आई पोहायला कशी शिकली ते सांगतो, तिथे त्यांचा श्वास अडकला. हात घट्ट झाला. शब्द सांगितला असता तर व्हिडिओ वाया गेला असता, आणि तिथे नातीला वाक्यच नव्हतं. माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "आईला पाण्याची भीती वाटायची ना, आजोबा?" अर्थात इंग्रजीत. ते माझ्याकडे बघून हसले, खऱ्या नातीकडे बघावं तसे, आणि पुढचं सगळं एका दमात बोलून गेले.

संध्याकाळी लेकीने दोन्ही पाहिले. तिला पहिलाच पाठवायचा होता. दुसऱ्यात जास्तीचं वाक्य आहे, लोकांना शंका येईल, असं तिचं म्हणणं. आजोबांनी ऐकून घेतलं.

"पहिला पाठवलास तर सेटवर पहिल्याच दिवशी उघडा पडेन," ते म्हणाले. "दुसरा पाठव. आणि लिही, की मला आता शब्द देणारं माणूस लागतं."

लेक रडायला लागली. मलाही आवरलं नाही. आजोबांनी आम्हा दोघींसाठी चहा केला, तोही अगदी बटलरच्या थाटात.

तीन आठवडे काही कळलं नाही. मी मनातून आशा सोडली होती, त्यांनी सोडली नव्हती. रोज दुपारी ते माझ्याकडून तोच प्रसंग वाचून घ्यायचे. मग एजंटचा फोन आला. भूमिका त्यांना मिळाली होती, आणि शब्द देणारं माणूस त्यांनी स्वतःचं आणलं तरी चालणार होतं. मी ऑफिसात दोन दिवसांची रजा टाकली आणि कारण लिहिलं, घरचं काम.

शूटिंग गाडीने दोन तासांवर, एका जुन्या घरात होतं. मला कॅमेऱ्याशेजारी घडीची खुर्ची दिली. कागद मांडीवर घेऊन मी त्यांच्या डाव्या हातावर डोळे लावून बसले. प्रसंग कितीदा तरी झाला. दर वेळी ते खिडकीकडे बघून गप्प व्हायचे, सगळा सेट थांबायचा, आणि त्यांचा श्वास चालू असायचा. दोन दिवसांत त्यांना माझा एकही शब्द लागला नाही.

परतताना मी म्हटलं, मला उगाचच आणलंत.

"तुम्ही तिथे होतात, म्हणून मला विसरायची भीती वाटली नाही," ते म्हणाले, आणि पाचच मिनिटांत घोरायला लागले.

त्यांची झोप मोडू नये म्हणून मी उजवीकडच्या संथ लेनमधून सावकाश गाडी चालवत राहिले. दोन दिवस मी हाताची घडी घालून बसले होते, आणि इतका आनंद झाला होता की घर येईपर्यंत डोळे पुसतच होते.