सुलतानचं बोरन्हाण

लक्ष्मीबाई नगरच्या काकूंनी आयुष्यात कधी कोणाच्या दाराची बेल वाजवली नाही. फाटकातूनच "आहेस का गं?" असं ओरडायच्या आणि मी "कोण?" म्हणेपर्यंत माझ्या स्वयंपाकघरात पोचून आमटीवरचं झाकण उचललेलं असायचं. "पातळ झालीय," एवढा शेरा मारून झाकण परत ठेवायच्या.

काका केंद्र सरकारच्या नोकरीत. त्यामुळे काकूंचा सगळा संसार दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये झाला. एका बाजूला तमिळ, दुसऱ्या बाजूला बंगाली, वर पंजाबी, आणि दारं सगळ्यांची उघडी. काका गेल्यावर त्या नोएडात आमच्या सोसायटीत राहायला आल्या. या सेक्टरात तेव्हा फ्लॅट आले होते, रस्ते यायचे होते. लोकांनी केबल घेतली होती, परदेशी नळ बसवले होते (ते मीच विकले होते) आणि दारांना आतून दोन-दोन कड्या लावल्या होत्या. काकूंना त्या कड्या दिसायच्याच नाहीत.

मी तळमजल्यावर एकटी राहत होते. नळ आणि फ्लशच्या टाक्या विकून स्वतःच्या हिमतीवर दुकान उभं केलं होतं, आणि या धंद्यात गोड बोलून कोणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही. समोरच्या इमारती अजून रिकाम्या. म्हणून राखणीला अल्सेशियनचं पिल्लू आणलं. विकणाऱ्याशी इतकी घासाघीस केली की त्याने पट्टा आणि वाडगा वर फुकट दिला आणि "मॅडम, अब आप जाओ," म्हणून हात जोडले. पिल्लाचं नाव सुलतान ठेवलं. नियम एकच: परक्या माणसाने त्याला हात लावायचा नाही. मला वाघ हवा होता.

निघालं भलतंच. सुलतान कुकरच्या शिट्टीला दिवाणाखाली पळायचा आणि कोणी अंगावर वाकलं की घाबरून दात लावायचा. एकदा सेक्रेटरी चोप्रांच्या मुलाच्या पोटरीवर ओरखडा उठला. चोप्रा दारात हजर. "मॅडम, सुधारो या निकालो. संडे की मीटिंग में फैसला होगा."

"निकालके तो दिखाओ!" मी म्हटलं, आणि तेवढ्यावर न थांबता सोसायटीच्या गळक्या टाकीपासून त्यांच्या स्कूटरच्या पार्किंगपर्यंत सगळं काढलं. मतं घेतली असती तर त्या दिवशी माझ्या बाजूला फक्त सुलतान असता.

काकू मागे उभ्याच होत्या, अर्थात बेल न वाजवता. "माणसं दाखवलीच नाहीस तर ती चावायची नसतात हे त्याला कळणार कसं?" त्या म्हणाल्या. "आमच्याकडे बदली होऊन नवं बिऱ्हाड आलं की त्यांचं पोर कडेवर घेऊन मी अख्ख्या ब्लॉकमध्ये फिरवून आणायची. पोर रुळलं की आई रुळते."

"काकू, हा कुत्रा आहे."

"मग आणखी सोपं. त्याला हिंदी शिकवायला नको."

दुसऱ्या दिवसापासून सुलतान शालीत गुंडाळून काकूंच्या काखेत. दुधाच्या बूथवर, कपडे प्रेस करणाऱ्याच्या ठेल्यापाशी, वरातीच्या बँडसमोरसुद्धा. भेटेल त्याच्या हातात बिस्किट ठेवायच्या: "भैया, इसको अपने हाथ से खिलाओ." माझा नियम त्यांनी सेक्टरभर वाटून टाकला. वर त्याला बाळू म्हणायच्या, आणि तो बेइमान शेपूट हलवायचा.

संक्रांत नुकतीच झाली होती. सुलतानला न्यायला-आणायला म्हणून घराची किल्ली काकूंकडे होती. शनिवारी दुकानातून घरी आले, तर माझ्या हॉलमध्ये सोसायटीची सगळी पोरं. मधोमध पाटावर सुलतान. अंगात काकूंच्या जुन्या परकराचं काळं झबलं, गळ्यात हलव्याचा हार. माझ्याच कुत्र्याचं बोरन्हाण! काकूंनी त्याच्या डोक्यावर बोरं, चुरमुरे आणि हलवा ओतला, पोरांनी झडप घातली, एकच आरडाओरडा. सुलतान गोठून काकूंकडे बघत राहिला. मग त्याने गळ्यातला अर्धा हार खाल्ला आणि पोरांच्या घोळक्यात उडी मारली. चोप्रांच्या मुलाच्या मुठीतले चुरमुरे तो चाटत होता आणि मुलगा खिदळत होता.

"आंटीजी, ये कौन-सी पूजा है?" मिसेस चोप्रांनी विचारलं.

"पूजा कैसी? इससे डर निकल जाता है."

"कुत्ते का?"

"सबका."

मी भडकले. "काकू, हे माझं घर आहे!"

"हो ना. मग चहा टाक सगळ्यांना."

ज्यांच्याशी महिनोन्‌महिने बोलत नव्हते त्यांना मी तळव्यांना चिकटलेले चुरमुरे झाडत चहा दिला. रविवारी मीटिंगमध्ये चोप्रा म्हणाले, "छोडो यार, बच्चा है," आणि विषय गळक्या टाकीवर गेला.

पण काकूंवरचा माझा राग अजून तसाच आहे. त्यांनी माझा वाघ बिघडवला. एकदा एक ठेकेदार घरी आला होता. मी भाव रेटत आणला होता, आवाज चढवला होता, आणि सुलतानने जाऊन त्याच्या मांडीवर डोकं ठेवलं. मांडीवर कुत्रा घेऊन बसलेल्या माणसाशी सौदा होत नाही. तो नुसता हसत राहतो. काकूंना जाब विचारला तर म्हणाल्या, "घरात एक भुंकणारं आहे ना? दुसरं कशाला?"

पुढे काही वर्षांनी काकूंच्या मुलीने त्यांना कायमचं नाशिकला न्यायचं ठरवलं. टॅक्सी आली, सगळी सोसायटी खाली जमली. ड्रायव्हरने काकूंची ट्रंक उचलली आणि सुलतान उठला. जो वर्षानुवर्षं कोणावर भुंकला नव्हता, तो डिकीसमोर मानेवरचे केस ताठ करून उभा राहिला. पोटातून अशी गुरगुर काढली की ड्रायव्हर ट्रंक हातात धरून जागच्या जागी थिजला.

"अगंबाई!" काकू म्हणाल्या. "सुलतान आहे की गं हा!" हे नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. मग डोळ्यांना पदर लावून माझ्यावरच खेकसल्या, "बघत काय बसलीस? ओढ त्याला, गाडी चुकेल माझी."

साखळी माझ्याच हातात होती. मला ऐकू आलं नाही.